नरक्याची साल

दादाला नरक्याचं झाड बघायचं होतं. हे त्याने मला सांगितलं तेव्हा मी आमच्या होळी गावात त्याच्या ओट्यावर चहा पीत बसले होते आणि तो टोपलीतल्या सोनचाफ्याच्या कळ्या निवडत होता. औषधांमुळे त्याच्या बोटांना सतत मुंग्या यायच्या, त्यामुळे मधूनच एखादी कळी हातातून निसटून खाली पडायची. वहिनी ती उचलून काही न बोलता परत टोपलीत टाकायची.

"तुझ्या ओळखीचे ते झाडांचे सर आहेत ना, त्यांना विचार," तो म्हणाला. "ते नेतील आपल्याला तुंगारेश्वरच्या जंगलात."

आम्ही घरात आमच्या गावच्या बोलीत बोलतो. बाहेरच्या माणसाला ती चटकन कळत नाही, म्हणून इथे मी सगळं साध्या मराठीत लिहिते आहे. पण दादाचा आवाज त्या बोलीतलाच धरावा, थोडा खालच्या पट्टीतला, शब्द ओढून बोलणारा.

दादा माझ्याहून बराच मोठा. बाबा गेल्यावर त्याने वाडी सांभाळली, केळी आणि फुलं लावली आणि मला शिकवलं. मी शिक्षिका झाले. त्याला आतड्याचा कर्करोग झाल्याचं कळलं तेव्हा हॉस्पिटलच्या फेऱ्या आपसूक माझ्याकडे आल्या, कारण वहिनीला मुंबईच्या त्या हॉस्पिटलात शिरलं की चक्कर यायची. ऑपरेशन झालं, सलाईनमधून औषधं सुरू झाली. मग यकृतावर डाग दिसला आणि औषध बदललं. एक दिवस नवीन औषधाची पिशवी लावताना नर्स त्याला सहज म्हणाली, "काका, तुम्ही बागायतदार ना? हे औषध मुळात एका झाडातून काढतात. आपल्या सह्याद्रीतसुद्धा ते द्रव्य असलेलं झाड आहे. नरक्या म्हणतात त्याला."

त्या दिवशी घरी येईपर्यंत दादा झाडाबद्दलच बोलत होता. फार दिवसांनी तो आजाराखेरीज दुसरं काही बोलत होता म्हणून मलाही बरं वाटलं. पण थोड्याच आठवड्यांत त्याला ताप भरला. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी फार खाली गेलेल्या. डॉक्टर म्हणाले, औषध जरा थांबवू. पुढच्या तपासणीपर्यंत काही घ्यायचं नाही, फक्त जपायचं.

नरक्या बघायला जाण्याची गोष्ट त्यानंतरची.

मी सरांना फोन लावून दिला. सर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. अभयारण्यातल्या दुर्मीळ झाडांची पाहणी करायला त्यांना रीतसर परवानगी होती. ते आनंदाने हो म्हणाले, पण एक अट घातली. झाड कुठे आहे ते कोणाला सांगायचं नाही, कारण नरक्याची चोरी होते, लाकूड आणि साल पोत्यांनी बाहेर जाते. दादा "नाही सांगणार" म्हणाला. मग त्याने विचारलं, "सर, द्रव्य सालीत जास्त असतं की मुळात?"

ते ऐकलं आणि तो नुसतं झाड बघायला निघालेला नाही हे मला कळलं.

दादाला झाडपाल्याची जाण आहे. कुठल्या झाडाचा पाला कशावर लावायचा, कशाचा काढा करायचा, यावर त्याचा विश्वास आहे. औषध बंद झाल्यापासून तो फारसा जेवत नव्हता, झोपत नव्हता, आणि आता हे. मी वहिनीला बाजूला घेऊन विचारलं तर ती म्हणाली, "मला वाटलंच होतं. पण तू नाही नेलंस तर तो एकटा रिक्षा करून जाईल. तू बरोबर असलेली बरी."

नोव्हेंबरातला रविवार होता. चर्चमध्ये पहाटेची मिस्सा करून आम्ही निघालो. गाडी मी चालवत होते. दादाने पांढरा शर्ट घातला होता, तो आता त्याच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसायचा. सर सातिवलीच्या अलीकडे गाडीत बसले. हायवे सोडून फाट्याने आत वळलो, नाक्यावर पावत्या घेतल्या, पिशव्या तपासून घेतल्या आणि गाडी तिथेच लावून चालायला लागलो. तुंगारेश्वराच्या मंदिराकडे जाणारे लोक बरेच होते. कोणी अनवाणी, कोणी पोरांना खांद्यावर घेतलेले. ओढ्यांना पाणी कमी झालं होतं, दगडांवरून पाय न भिजवता पलीकडे जाता येत होतं. मी दादाचा दंड धरला होता. तो इतका बारीक झाला होता की माझी बोटं जुळत होती.

बरंच पुढे गेल्यावर सरांनी मुख्य वाट सोडली. कारवीच्या झुडपांतून एक पायवाट वर जात होती. ती वाट घेतली आणि माणसांचे आवाज हळूहळू मागे पडले. आधी गाणी ऐकू येईनाशी झाली, मग पोरांचा आरडाओरडा, मग फक्त आमच्या पायांखालचा पाला उरला. सर हळू चालत होते, दर थोड्या वेळाने दादाला बसवत होते. हा हेद, हा कुंभा, हा ऐन, असं दाखवत होते. दादा मान डोलवायचा, पण त्याचं लक्ष नव्हतं. तो एकच विचारत होता, "अजून किती लांब?"

शेवटी सर एका उताराशी थांबले, हात पुढे केला आणि तसाच खाली आणला.

झाड नव्हतं. जमिनीलगत कापलेला खुंट होता. त्याच्याभोवती फिकट रंगाच्या ढलप्या पडल्या होत्या, त्या अजून ओल्या होत्या. कडवट, कुबट वास येत होता. तोडलेल्या फांद्यांवरची पानं कोमेजलेलीही नव्हती आणि त्यांत जांभळट फळांचे घोस तसेच होते.

सर खाली बसले. खुंटावरून हात फिरवून त्यांनी बोटं बघितली. "आज सकाळचंच आहे हे," ते कुजबुजले. "माणसं लांब गेलेली नसणार."

त्यांनी आवाज खाली आणला तेव्हा मला खरी भीती वाटली. तोपर्यंत जंगल म्हणजे झाडंच होती. आता प्रत्येक खोडामागे कोणीतरी असू शकत होतं.

"इथे फोन लागत नाही," सर म्हणाले. "मी वरच्या कातळावर जाऊन वनरक्षकांना कळवतो. तुम्ही दोघं इथेच बसा. जागा सोडू नका, आवाज करू नका."

ते गेले. दादा खुंटाशेजारी दगडावर बसला होता. त्याने एक ढलपी उचलली, उलटीपालटी केली आणि म्हणाला, "यावर साल नाही. सगळी सोलून नेलीय."

"दादा, टाक ते."

त्याने टाकली. मी पाण्याची बाटली काढायला पाठीवरची सॅक उतरवली. चेन अडकली होती. मी पाठमोरी बसून ती ओढत राहिले. बाटली घेऊन वळले तर दगडावर दादा नव्हता.

मला आधी वाटलं, लघवीला गेला असेल. मी थांबले. मग हाक मारली, हलकेच. उत्तर नाही. मोठ्याने हाक मारावी तर ती माणसं ऐकतील. न मारावी तर दादा कुठे गेला कसं कळणार? मी दगडाभोवती फिरून पाल्यात त्याच्या पावलांची खूण शोधायला लागले.

तेवढ्यात वरच्या झाडांत वानरं खाकरली. एकदा, मग पुन्हा. बिबट्या दिसला की वानरं तशी खाकरतात, असं सर येताना सांगत होते. मी वर बघितलं. वानरं खालच्या बाजूला, ओढ्याकडे बघत होती. आणि मग तिकडूनच आवाज आला. ठक्. जरा थांबून पुन्हा, ठक्. लाकडावर कोयता पडत होता.

दादा तिकडेच गेला होता हे मला त्या क्षणी कळलं. त्याने तो आवाज माझ्याआधी ऐकला होता.

मी उतरायला लागले. पाय पाल्यावरून घसरत होते. कारवीच्या काठ्या धरत धरत मी खाली जात होते आणि मनात नमो मारियाचे शब्द उलटसुलट होत होते. ठक् ठक् थांबलं. माणसांचं बोलणं ऐकू आलं. कारवी बाजूला केली तर समोर ओढ्याची कोरडी कड होती आणि तिथे दादा उभा होता. त्याच्यासमोर दोन माणसं. एकाच्या हातात कोयता, दुसरा पोत्याचं तोंड बांधत होता. बाजूला आणखी एक झाड आडवं पडलं होतं, मघाच्यापेक्षा लहान.

"कोणी पाठवलं तुला?" कोयतावाला विचारत होता. "खरं बोल. फॉरेस्टचा आहेस ना?"

"नाही रे बाबा," दादा म्हणाला. त्याने डोक्यावरची टोपी काढली. औषधांनी केस गेलेलं त्याचं डोकं उन्हात चमकलं. "हे बघ. मला कॅन्सर आहे. डॉक्टरांनी हात टेकले. मला फक्त मूठभर साल दे. मी कोणाला सांगणार नाही."

माझ्या पायाखाली काटकी मोडली. दोघांनी एकदम माझ्याकडे बघितलं.

"आणि ही कोण?"

"बहीण आहे माझी," दादा म्हणाला.

कोयतावाला माझ्या दिशेने आला. वय फार नसेल, तिशीच्या आतबाहेर. त्याच्या हाताला सालीचा ओला डाग होता. त्याचा चेहरा रागीट नव्हता, घाबरलेला होता, आणि त्यामुळेच मला त्याची जास्त भीती वाटली. घाबरलेला माणूस काय करील ते सांगता येत नाही.

"फोन दे इकडे," तो म्हणाला. "फोटो काढला काय?"

"नाही काढला. बघ हवं तर." मी फोन पुढे केला. तो त्याच्या हातात पडण्याआधीच माझ्या हातून निसटून खाली दगडावर पडला. त्याने तो उचलून बघितला, रेंज नाही हे बघितलं, आणि स्वतःच्या खिशात टाकला.

"अजून कोण आहे तुमच्याबरोबर?"

"कोणी नाही," मी म्हणाले. "आम्ही मंदिरात आलो होतो. हा वाट चुकला."

मला खोटं बोलता येत नाही. वर्गातल्या पोरींनासुद्धा ते ओळखता येतं. तो माझ्याकडे बघत राहिला. कोयत्याचं टोक माझ्या साडीच्या निऱ्यांजवळ लोंबत होतं. मला वाटलं, आता वरून सर हाक मारतील आणि सगळं संपेल.

पोतंवाला उठला. "ए, चल ना," तो म्हणाला. "बुढ्ढा मरायला टेकलाय, काय सांगणार तो? दे त्याला आणि चल. टाइम नको घालवू." त्याने पोत्यात हात घालून सालीचे तुकडे काढले आणि दादाच्या हातात कोंबले. "हे घे. आम्हाला बघितलं नाही, समजलं?"

"नाही बघितलं," दादा म्हणाला. "देव तुझं भलं करो."

ते ऐकून कोयतावाला कसानुसा झाला. त्याने खिशातून माझा फोन काढला, दगडावर ठेवला आणि दोघं पोतं उचलून ओढ्याने खाली गेले. ते दिसेनासे झाल्यावर मी तिथेच बसले. दादा मात्र उभाच होता. मूठ छातीशी धरून.

सर आम्हाला शोधत वरून आले तेव्हा मी ती माणसं गेली त्या दिशेला बोट दाखवलं. त्यांनी आडवं झाड बघितलं, आम्हाला बघितलं आणि म्हणाले, "वनरक्षक निघालेत. आधी इथून बाहेर पडू."

परतीच्या वाटेवर मी दादाच्या मागून चालत होते, त्याच्या हाताकडे बघत. त्याने साल पँटच्या खिशात टाकली होती आणि खिशावर हात ठेवला होता. एकदा त्याने तो हात तोंडाकडे नेला आणि मी धावत पुढे गेले. तो घाम पुसत होता. की तसं दाखवत होता? मला सांगता येईना. कोयतावाला गेला होता, पण माझी भीती गेली नव्हती. ती आता माझ्यापुढे दोन पावलांवर चालत होती.

मुख्य वाटेच्या अलीकडच्या ओढ्याशी मी त्याला अडवलं.

"दादा, दे ते."

"काय?"

"खिशातलं. दे मला."

"मी नुसतं ठेवणार आहे."

"कशाला ठेवणार आहेस? देव्हाऱ्यात?"

त्याचा चेहरा बदलला. इतक्या महिन्यांत मी त्याला रडताना बघितलं नव्हतं, आता त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुम्हाला काय!" तो ओरडला. "औषध बंद केलं, मला सांगितलं थोडे दिवस थांबू. मला कळत नाही काय? बाबांच्या वेळी पण डॉक्टर असंच म्हणाले होते. तुम्ही सगळे मिळून माझ्याशी खोटं बोलताय. निदान मला जे करायचंय ते करू दे!"

वाटेवरचे एक-दोन लोक थांबून बघायला लागले. सर त्यांना हाताने पुढे जा म्हणून खुणावत होते. मी शपथ घेतली असती तरी त्याने विश्वास ठेवला नसता. मग फोनवर रेंजच्या दोन काड्या दिसल्या आणि मी डॉक्टरांना फोन लावला. रविवार होता, ते उचलतील असं वाटलं नव्हतं. त्यांनी उचलला. मागे कुकरची शिट्टी वाजत होती.

मी धापा टाकत काय झालं ते सांगितलं आणि फोन दादाच्या हातात दिला.

"डॉक्टर," दादा म्हणाला, "खरं सांगा. औषध का थांबवलं?"

फोन स्पीकरवर होता. डॉक्टर दुसऱ्या खोलीत गेले असावेत, शिट्टी ऐकू येईनाशी झाली. मग म्हणाले, "काका, तुमच्या पांढऱ्या पेशी उतरल्यात. त्या वर आल्या की परत सुरू करायचं आहे. हे मी तुमच्यासमोरच सांगितलं होतं. गेल्या स्कॅनमध्ये डाग लहान झालाय, तेही सांगितलं होतं. तुम्ही ऐकलं नव्हतं का?"

"थांबवू एवढंच ऐकलं," दादा म्हणाला.

"आणि ती साल खाल्लीत, तर आहेत त्या पेशीसुद्धा जातील. आम्ही ते औषध थेंब मोजून देतो. सालीत किती आहे ते कोणालाच माहीत नाही. साधा ताप आला तरी मी तुम्हाला वाचवू शकणार नाही. तोंडात घातली का?"

दादाने माझ्याकडे बघितलं. "किंचित," तो म्हणाला. "दातांनी चावून बघितली. फार कडू होती. थुंकली."

डॉक्टरांनी लगेच विचारलं, गिळली का, केव्हा, किती. मग चूळ भरायला सांगितली, आणि उलटी, जुलाब, ताप यातलं काहीही झालं तर तडक यायला सांगितलं. सकाळी रक्त तपासून घ्या म्हणाले.

दादाने ओढ्यावर वाकून पुन्हा पुन्हा चुळा भरल्या. मग खिसा उलटा केला आणि सालीचे तुकडे सरांच्या ओंजळीत दिले. सरांनी ते रुमालात बांधले आणि नाक्यावर वनरक्षकांना दिले. आम्हाला काय दिसलं ते मी त्यांना सांगितलं. दादा बाजूला उभा होता. "तुम्ही बघितलंत का त्यांना?" असं त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मी त्यांना शब्द दिलाय. बहिणीने सांगितलं तेवढं पुरे." वनरक्षकाने त्याच्याकडे नीट बघितलं आणि पुढे विचारलं नाही.

घरी आल्यावर वहिनीने पेज दिली. दादा ती खात असताना आम्ही दोघी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. त्याने नुसता ठसका दिला तरी वहिनी उठायची. संध्याकाळी रोजरी म्हणताना मी मध्येच त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. "नाही ताप," तो म्हणाला, "प्रार्थना पुरी कर." दुसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट हातात येईपर्यंत मी शाळेत काय शिकवलं ते मला आठवत नाही. पेशी होत्या तेवढ्याच होत्या.

डिसेंबरात त्याचं औषध परत सुरू झालं. त्या दोन माणसांचं काय झालं ते आम्हाला कळलं नाही. सरांनी सांगितलं की लहान खुंटाला नवे फुटवे आलेत. मी बघायला गेले नाही. मला आता दिवसाढवळ्या वाडीतल्या केळींमध्येही एकटं जायला नको वाटतं. लोक हसतात, हसू देत.

एकदा हॉस्पिटलात सलाईन चढत असताना मी दादाला विचारलं, "त्या कोयतावाल्याची तुला भीती नाही वाटली?"

"वाटली ना," तो म्हणाला. "पण तो समोर उभा होता, दिसत होता. त्याच्याशी बोलता येत होतं." मग त्याने डोळे मिटले.

येत्या गुरुवारी पुन्हा स्कॅन आहे. मी रजा टाकली आहे. दादा म्हणतो, लवकर निघू, नाहीतर खाडीवरच्या वरसोव्याच्या पुलावर अडकू. वहिनी म्हणते, या वेळी मीसुद्धा येते, चक्कर आली तर आली.